उथळ खाडीतल्या शार्कसाठी ध्वनिटॅग आणि व्हीआर२डब्ल्यू रिसीव्हर : सविस्तर परीक्षण

खाडीत, नदीमुखात किंवा उथळ उपसागरात राहणारा शार्क कधी आत असतो, किती दिवस टिकतो आणि कुठल्या ऋतूत बाहेर पडतो, हे शोधायला आज जगभर सर्वाधिक वापरली जाते ती ध्वनिटॅगची यंत्रणा. शार्कच्या पोटात बोटभर लांबीचा टॅग, पाण्यात तळाजवळ बसवलेले, टॅगचा क्रमांक ऐकून नोंदवणारे रिसीव्हर आणि दोघांना जोडणारा ६९ किलोहर्ट्झचा ध्वनी, एवढाच तिचा पसारा. हे परीक्षण आहे त्यातल्या सगळ्यांत रुळलेल्या जोडीचं: कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात व्हेम्को नावाने सुरू झालेल्या आणि आता इनोव्हासी या नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या मालिकेतला व्हीआर२डब्ल्यू रिसीव्हर आणि त्याच्याबरोबर चालणारे व्ही९, व्ही१३ व व्ही१६ टॅग.

निकाल आधीच सांगून टाकतो. खाडीतल्या शार्कचा मुक्काम महिनोन्महिने, वर्षानुवर्षं नोंदवायचा असेल तर या जोडीला आजही तोड नाही. पण ती फक्त ‘शार्क इथे होता’ एवढंच सांगते. ‘शार्क इथे नव्हता’ हे ती कधीच सांगत नाही, ते आपल्याला काढावं लागतं, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच घसरतात. उथळ पाण्यात रिसीव्हर दिवसातून अनेकदा जवळजवळ बहिरा होतो. तो बहिरा होण्याची वेळ आणि शार्कने जागा बदलण्याची वेळ बऱ्याचदा एकच असते. म्हणून टॅगांची संख्या वाढवण्याआधी रिसीव्हर कधी, कुठे आणि किती बहिरा होतो हे मोजण्यावर पैसे आणि दिवस घाला. पुढचं सगळं परीक्षण याच मुद्द्याभोवती आहे.

दुसरे पर्याय का नाहीत

उपग्रहाशी बोलणारा टॅग ऐकायला जास्त आकर्षक वाटतो. पण पाठीच्या परावर बसवलेल्या टॅगची अँटेना पाण्याबाहेर आली तरच उपग्रहाला संदेश मिळतो. गढूळ पाण्यात तळाजवळ फिरणारा बुल शार्क किंवा ब्लॅकटिप शार्कचं पिल्लू पर वर काढून हिंडत नाही. उपग्रह टॅगचा दुसरा प्रकार प्रकाशाच्या नोंदींवरून ठिकाण काढतो, त्यातली चूक दहा-वीस किलोमीटरपासून शंभराच्या पुढेही जाते. अख्खी खाडीच पाच किलोमीटरची असेल तर या नोंदीचं काय करायचं? होडीतून दिशादर्शक हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारा मायक्रोफोन) धरून मागे जाण्याची पद्धत अचूक आहे. हवाईतल्या कानेओहे उपसागरात हॅमरहेड शार्कची पिल्लं दिवसा एका ठरावीक पट्ट्यात गोळा होतात हे अशाच पाठलागातून कळलं. पण दोन-तीन दिवसांच्या वर हा पाठलाग माणसांना झेपत नाही, आणि एका वेळी एकाच शार्कमागे जाता येतं.

टॅग निवडताना

टॅगच्या नावातला आकडा म्हणजे त्याचा मिलिमीटरमधला व्यास. व्ही९ चा २९ मिलिमीटर लांबीचा नमुना हवेत पाच ग्रॅमच्या आत भरतो, व्ही१३ चा ३६ मिलिमीटरचा नमुना ११ ग्रॅमच्या आसपास आणि व्ही१६ चा ६८ मिलिमीटरचा सुमारे २४ ग्रॅम. व्यास वाढला की बॅटरी मोठी आणि आवाजही मोठा. व्ही१६ चा जोरदार प्रकार १६० डेसिबलच्या आसपास पोहोचतो, व्ही९ सुमारे १० डेसिबलने मागे राहतो.

टॅगचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आत ठेवायचं हा रूढ संकेत आहे. दीड किलोच्या पिल्लाला त्या हिशोबाने ३० ग्रॅमही चालतील, म्हणजे व्ही१६ बसेल असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात वजन आड येत नाही, आड येते ती जखमेची लांबी आणि पोटातली जागा. ६० सेंटीमीटरच्या ब्लॅकटिपमध्ये व्ही१३ सुखाने बसतो. हॅमरहेडच्या नवजात पिल्लाला व्ही९ च्या पुढे जाऊ नये, कारण हॅमरहेड हाताळणीचा ताण सहन करत नाही आणि प्रत्येक मिनिट महाग पडतं. मोठ्या बुल शार्कला मात्र व्ही१६ च द्या. दोन संदेशांमधला वेळ नीट निवडला तर त्याची बॅटरी दहा वर्षांच्या घरात जाते.

उथळ पाण्यासाठी एक खरेदी टाळा: खोली मोजणारा टॅग. दाबमापकाची अचूकता साधारण पूर्ण मापाच्या ५ टक्के असते. ३४ मीटरपर्यंत मोजणाऱ्या टॅगमध्ये ती चूक १.७ मीटर होते. दोन मीटर खोल खाडीत हा आकडा म्हणजे तळ की पृष्ठभाग हेही न सांगणारा. तापमानाचा संवेदक त्यापेक्षा कामाचा, कारण ओहोटीला तापलेल्या चिखलपट्ट्यावर शार्क आला की तो लगेच दिसतो.

शार्कला टॅगचा त्रास होत असेल का, हा प्रश्न नेहमी येतो. आवाजाचा होत नाही. शार्कची श्रवणमर्यादा साधारण एक किलोहर्ट्झच्या आसपास संपते, ६९ किलोहर्ट्झ त्याला ऐकूच येत नाही. डॉल्फिन आणि सील यांना मात्र ऐकू येतो. लहान शार्कवर ताव मारणारे असे प्राणी खाडीत असतील तर जगण्या-मरण्याचे निष्कर्ष काढताना ही गोष्ट डोक्यात ठेवा.

टॅग कंपनीकडून निघतो तेव्हा त्याला चुंबक चिकटवलेला असतो, तो काढला की टॅग जागा होतो. चुंबक काढून थेट शस्त्रक्रियेला लागू नका. टॅग पाण्यात सोडून रिसीव्हरने त्याचा क्रमांक पकडला का ते बघा, आणि तेही बादलीत नको. बादलीच्या भिंतींवरून प्रतिध्वनी इतके येतात की चांगला टॅगही ‘मेलेला’ वाटतो. धक्क्यावरून वीस-तीस मीटर अंतर ठेवून तपासा.

रिसीव्हर आणि त्याचा नांगर

व्हीआर२डब्ल्यू म्हणजे सुमारे ३१ सेंटीमीटर लांब आणि सव्वासात सेंटीमीटर जाड नळकांडं, टोकाला काळा हायड्रोफोन. हवेत जवळपास १२०० ग्रॅम, पाण्यात जेमतेम ५० ग्रॅम. आत ३.६ व्होल्टचा डी आकाराचा एक लिथियम सेल, तो सुमारे १५ महिने पुरतो. स्मृती दहा लाखांहून जास्त नोंदींची. ५०० मीटर खोलीपर्यंत टिकण्याची त्याची क्षमता खाडीत वायाच जाते, पण भिंत जाड असल्यामुळे होडीचा धक्का लागला तरी तो सहसा फुटत नाही.

सेल १५ महिने पुरतो म्हणून १५ महिने थांबू नका, बाराव्या महिन्यात बदला. बदलताना ओ-रिंगची (झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्याची) खोबण भिंगातून बघावी इतक्या काळजीने पुसा. एक केस, वाळूचा एक कण किंवा जुन्या ग्रीसची सुकलेली कड राहिली की झाकण घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि पाणी मात्र आत शिरतं. नवी रिंग, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात आणि आत ओलावा शोषणारी पुडी, या तीन गोष्टी प्रत्येक वेळी.

पाण्यात वजन इतकं कमी असल्यामुळे दोरावर बांधलेला रिसीव्हर भरतीच्या ओढीत आडवा होतो. आडवा झाला की स्वतःच्याच नळकांड्याची सावली हायड्रोफोनवर पडते आणि एका बाजूचं ऐकू येईनासं होतं. खोल पाण्यात वर बोया बांधून दोर ताणता येतो. दोन-तीन मीटरच्या खाडीत तळात फिरवून घट्ट केलेला स्क्रू-नांगर आणि त्यावर ताठ खांब हाच उपाय सरस. काँक्रीटचा ठोकळा वापरायचा तर मऊ चिखलात तो हळूहळू रुतत जातो हे धरून चाला. हायड्रोफोन वरच्या दिशेला, खांबाच्या टोकाहून थोडा उंच आणि समुद्रगवताच्या शेंड्यांच्या वर हवा. आणि उधाणाच्या सगळ्यांत खालच्या ओहोटीलाही तो पाण्यातच राहील ना, हे भरतीच्या तक्त्यावरून आधी बघा.

स्टेनलेसची शेकल (साखळी जोडणारी कडी) आणि गॅल्व्हनाइज्ड साखळी एकमेकांना भिडवू नका. खाऱ्या पाण्यात त्यातला गॅल्व्हनाइज्ड भाग झपाट्याने खाल्ला जातो आणि रिसीव्हर वाहून जातो. एकाच धातूचं सगळं घ्या, शेकलची पिन तारेने किंवा केबल टायने बांधा, आणि प्रत्येक ठिकाणी मुख्य पट्ट्याशिवाय एक सुटी सुरक्षा-दोरी ठेवा.

नदीमुखातलं कोमट पाणी बार्नेकल आणि कालवांना फार मानवतं. हायड्रोफोनवर कवचांचा थर चढला की रिसीव्हरची ऐकण्याची क्षमता स्पष्टपणे घटते. नळकांड्यावर आधी टेप गुंडाळून त्यावर शेवाळरोधक रंग द्यावा, म्हणजे पुढच्या खेपेला टेप सोलली की कवचंही निघून येतात. हायड्रोफोन लोखंडी पत्र्याने कधीही खरवडू नका, प्लॅस्टिकची पट्टी वापरा. उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी फेरी मारावीच लागते.

बहिरेपणाचं मोजमाप

जाहिरातीतला टप्पा विसरा. खोल, शांत पाण्यात व्ही१६ पाचशे मीटर किंवा त्याहून पुढे ऐकू जातो. उथळ, गढूळ, गवताळ खाडीत तोच टॅग दोन-तीनशे मीटरवर हरवू शकतो आणि वाऱ्याच्या दिवशी शंभरावर. ६९ किलोहर्ट्झच्या ध्वनीची पाण्यातली तरंगलांबी सुमारे दोन सेंटीमीटर असते, त्यामुळे बुडबुडे, गवत, कालवांचे उंचवटे, चॅनेलची कडा, सगळंच त्याला आडवं येतं. दुपारच्या उन्हात समुद्रगवत प्राणवायूचे बुडबुडे सोडतं आणि तेही आवाज गिळतात. बॉनेटहेडसारखा समुद्रगवतातच वावरणारा शार्क तुमचा विषय असेल तर हा परिणाम दुर्लक्षून चालणार नाही.

सगळ्यांत फसवा दोष जवळच्या अंतरावरचा आहे. तळ कठीण, पाणी उथळ आणि टॅग जोरदार असला की तळावरून व पृष्ठभागावरून परतणारे प्रतिध्वनी इतके ताकदवान येतात की टॅगची खरी स्पंदनं आणि त्यांचे पडसाद रिसीव्हरला वेगळे करता येत नाहीत. परिणाम असा की ५० मीटरवरचा शार्क नोंदला जात नाही आणि २०० मीटरवरचा नोंदला जातो. नकाशावर ऐकू येण्याचं क्षेत्र भरीव वर्तुळ न राहता मधे भोक असलेलं कडं होतं. रिसीव्हर जवळचं नीट ऐकतो या समजुतीवर अरुंद चॅनेलच्या मधोमध जोरदार टॅगसाठी रिसीव्हर लावला, तर नेमके शेजारून जाणारे शार्क निसटतात. उपाय म्हणजे अशा ठिकाणी कमी ताकदीचे टॅग घेणे. आवाज कमी झाला तर नोंदी वाढतात, हे सुरुवातीला पटत नाही पण खरं आहे.

गोड्या पाण्याचा लोंढा हा नदीमुखातला मोठा पेच. बुल शार्कची पिल्लं शरीरातल्या युरिआचं आणि क्षारांचं प्रमाण बदलून कमी खाऱ्या पाण्यात राहू शकतात, तरी फ्लोरिडातल्या कॅलूसाहॅची नदीत असं दिसलं की पुराचं पाणी आलं आणि क्षारता फार खाली गेली की ती मुखाकडे सरकतात. आता रिसीव्हरच्या बाजूने बघा. गोडं पाणी वर आणि खारं खाली असा थर बसला की त्या सीमेवर ध्वनी वाकतो आणि टप्पा आखडतो. पुराबरोबर गाळ आणि गडबडही वाढते. म्हणजे वरच्या अंगाच्या रिसीव्हरवर नोंदी थांबल्या याची दोन कारणं असू शकतात, शार्क खाली गेला किंवा रिसीव्हर बहिरा झाला, आणि दोन्ही एकाच दिवशी घडतात. खालच्या अंगाच्या रिसीव्हरवर तोच शार्क उमटला तरच पहिलं कारण ग्राह्य धरावं.

कांदळवनाचंही तेच. लेमन शार्कची पिल्लं भरतीबरोबर मुळांच्या जाळ्यात शिरतात, मोठ्या शार्कपासून वाचण्यासाठी. गुडघाभर पाण्यात, मुळांच्या आड असलेला टॅग रिसीव्हरला ऐकू येत नाही. पिल्लू सगळ्यांत सुरक्षित असतं तेव्हाच नोंदींमध्ये ते बेपत्ता दिसतं. नोंदींचे तास मोजून ‘कांदळवनात ते फार जात नाहीत’ असं लिहिलेला अहवाल दिसला तर तो बाजूला ठेवा.

मोजायचं कसं? पहारेकरी टॅग वापरून. ज्या प्रकारचा टॅग शार्कला देणार तोच, पण दर ६०० सेकंदांनी ठरलेल्या वेळी बोलणारा, खांबाला बांधून रिसीव्हरपासून मोजलेल्या अंतरावर ठेवायचा. दिवसाला १४४ हाका होतात. ७२ ऐकू आल्या तर त्या दिवशी त्या अंतरावर ऐकू येण्याची शक्यता ५० टक्के. सुरुवातीला ५०, १००, २००, ३०० आणि ४०० मीटरवर पाच टॅग लावून उधाण आणि भांग (सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लहान भरती-ओहोटी) दोन्ही त्यात येतील असे किमान १५ दिवस नोंद घ्या. मग त्यातला ५० टक्क्यांच्या आसपासचा एक टॅग प्रकल्प संपेपर्यंत तिथेच राहू द्या. रोजच्या हाकांचा आलेख वारा, पाऊस, भरतीची उंची आणि पुराच्या पाण्यासमोर ठेवला की कुठल्या दिवशीच्या शांततेला अर्थ आहे ते कळतं. तासागणिकही बघा. चटचट आवाज करणाऱ्या कोळंबीचा गोंगाट संध्याकाळी आणि पहाटे वाढतो, आणि शार्क ‘रात्री बाहेर जातो’ असा खोटा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. या पहारेकऱ्याशिवाय ही यंत्रणा विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जास्त टॅग म्हणजे जास्त नोंदी नव्हेत

प्रत्येक टॅग आपला क्रमांक स्पंदनांच्या मालिकेत सांगतो, त्याला ३ ते ५ सेकंद लागतात. मग तो मधे थांबतो, समजा सरासरी १२० सेकंद, पण दर वेळी थोडं कमी-जास्त, म्हणजे दोन टॅग कायमचे एकमेकांवर बोलत राहू नयेत. तरी दोघांच्या मालिका एकमेकींत घुसल्या की दोन्ही वाया जातात.

मालिका ४ सेकंदांची धरा. एका टॅगची पूर्ण फेरी १२४ सेकंदांची, तासाला सुमारे २९ हाका. दुसऱ्या टॅगची हाक ८ सेकंदांच्या खिडकीत पडली की टक्कर. एका रिसीव्हरच्या टप्प्यात १० शार्क असतील तर प्रत्येकाच्या सुमारे ५५ टक्के हाका टिकतात, तासाला एकूण १६० च्या आसपास नोंदी. शार्क २० केले तर २८ टक्केच टिकतात आणि एकूण नोंदी जवळपास तितक्याच राहतात. ३० केले तर एकूण नोंदी १२५ च्या आसपास घसरतात. नव्या टॅगांसाठी खर्च केला आणि हाती आली कमी माहिती.

हा प्रश्न पाळणाघरासारख्या खाड्यांमध्ये हमखास येतो, कारण पिल्लं मुद्दाम एकत्र राहतात. फ्लोरिडातल्या टेरा सिया उपसागरात ब्लॅकटिपची लहान पिल्लं दिवसा उत्तरेकडच्या भागात घोळका करून राहतात असं याच प्रकारच्या यंत्रणेने दाखवलं. अशा जागी थांबण्याचा काळ १८० सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवा. बॅटरीचं आयुष्यही वाढतं. अरुंद मुखातून वेगाने निघून जाणाऱ्या मोठ्या शार्कसाठी मात्र तो फार लांबवू नका. ताशी साडेतीन-चार किलोमीटर वेगाने पोहणारा शार्क मिनिटाला साठ मीटर कापतो, म्हणजे २०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ मधोमध ओलांडायला त्याला सहा-सात मिनिटं लागतात आणि कडेने गेला तर दोनच. तेवढ्यात किमान दोन हाका व्हायला हव्यात.

टॅग पोटात बसवणं

हे काम परवानगी, प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि प्रशिक्षित हात यांशिवाय करायचं नाही. पाठीच्या परावर बाहेरून टॅग बांधणं सोपं, पण तो शेवाळतो, पराला घासतो आणि काही महिन्यांत गळतो. दीर्घ नोंदीसाठी पोटाची पोकळीच.

शार्कला उताणा केला की तो निपचित पडतो, लहान शार्कमध्ये बहुतेक वेळा भूलही लागत नाही. डोकं आणि कल्ले पाण्यात ठेवून तोंडातून कल्ल्यांकडे पाणी वाहतं ठेवायचं. चीर पोटाच्या मध्यरेषेवर नको, किंचित बाजूला, छातीच्या आणि कटीच्या परांमध्ये, टॅगच्या जाडीपेक्षा थोडी मोठी, २ ते ४ सेंटीमीटर. शार्कची कातडी बाहेरून आत कापताना दातेरी खवल्यांमुळे पात्याची धार लगेच जाते, म्हणून प्रत्येक शार्कला नवं पातं. टॅगवर पॅराफिन आणि मधमाशांच्या मेणाच्या मिश्रणाचा पातळ लेप दिला तर शरीराला त्याचा कमी त्रास होतो. दोन-तीन सुटे टाके, मजबूत गाठी. सगळं पाच मिनिटांत आणि कुठल्याही परिस्थितीत दहाच्या आत. सोडताना शार्क स्वतः शेपटी मारेपर्यंत त्याला पाण्यात सरळ धरून ठेवा.

हातात आहे तेव्हाच तीन गोष्टी नोंदवा: एकूण लांबी, लिंग आणि पोटावरची नाळेची खूण उघडी आहे की भरलेली. उघडी खूण म्हणजे पिल्लू नुकतंच जन्मलेलं, आणि ही खाडी जन्मस्थान आहे याचा तो थेट पुरावा. त्याच वेळी कातडीखाली बिनबॅटरीची मायक्रोचिप टाका आणि पराचा बारीक तुकडा डीएनएसाठी ठेवा. ध्वनिटॅगचं आयुष्य संपतं, चिपचं नाही. बहामातल्या बिमिनी इथे १९९० च्या दशकात जन्मलेल्या लेमन शार्कच्या माद्या १४ ते १७ वर्षांनी तिथेच पिल्लं घालायला परतल्या, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम चिपा आणि डीएनए यांच्या जोरावर उभं आहे. ध्वनिटॅगच्या बॅटरीला तो पल्ला गाठताच आला नसता.

नोंदी उतरवल्यावर

रिसीव्हर होडीत घेऊन ठरलेल्या जागी चुंबकी किल्ली ठेवली की ब्लूटूथ सुरू होतं आणि नोंदी संगणकावर येतात. हा भाग अगदी सुटसुटीत आहे. धोका घड्याळात आहे. रिसीव्हरचं घड्याळ महिन्यांगणिक सरकतं, आणि सॉफ्टवेअर सुरुवातीच्या व शेवटच्या वेळेवरून ते सरळ रेषेत दुरुस्त करतं. ही वेळ तुमच्या लॅपटॉपवरून घेतली जाते. लॅपटॉपच तीन मिनिटं मागे असेल तर सगळी दुरुस्ती चुकीची. समुद्रावर निघण्यापूर्वी लॅपटॉप जीपीएसच्या वेळेशी जुळवा आणि सगळ्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेतच ठेवा.

दोन टॅगांच्या टकरीतून कधीकधी तिसऱ्याच टॅगचा वैध क्रमांक तयार होतो. त्यामुळे एकट्या-दुकट्या नोंदीवर विश्वास नको. प्रचलित निकष असा की सरासरी थांब्याच्या ३० पट वेळेत तोच क्रमांक पुन्हा आला पाहिजे, १२० सेकंदांच्या टॅगसाठी म्हणजे एका तासात. एकाच रिसीव्हरवर कित्येक दिवस अखंड, भरती-ओहोटीचा काहीही मागमूस नसलेल्या नोंदी आल्या तर टॅग गळलाय किंवा शार्क मेलाय. पिल्लू मोठ्या शार्कने गिळलं असेल तर टॅग त्याच्या पोटात फिरत राहतो आणि पिल्लू जिवंत आणि अचानक फार धाडसी झाल्यासारखं दिसतं. जठरातल्या आम्लाने विरघळणारा थर असलेले आणि गिळल्यावर क्रमांक बदलणारे टॅग यासाठी मिळतात. पिल्लांच्या मृत्युदराचा अभ्यास असेल तर तेच घ्या.

अनोळखी क्रमांक दिसले तर ते फेकू नका, ते दुसऱ्या कुणाचे तरी प्राणी असतात. हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातून चालणारं ओशन ट्रॅकिंग नेटवर्क आणि ऑस्ट्रेलियातलं आयमॉस हे सागरी निरीक्षणाचं जाळं अशा नोंदींची देवाणघेवाण घडवतात. सिडनी बंदरात उन्हाळ्यात येणारे बुल शार्क हिवाळ्यात क्वीन्सलँडच्या दिशेने उत्तरेला जातात हे एका बंदरातल्या रिसीव्हरांनी कळणारं नव्हतं. मात्र खरेदीआधी एक खात्री करा: वेगवेगळ्या उत्पादकांच्या सांकेतिक पद्धती एकमेकांना नेहमी कळत नाहीत. शेजारच्या किनाऱ्यावर कुठली पद्धत चालते ते विचारूनच टॅग मागवा.

रिसीव्हर कुठे लावायचे

एखादी खाडी शार्कचं पाळणाघर आहे असं म्हणण्यासाठी २००७ मध्ये मांडलेले तीन निकष आज सर्वत्र धरले जातात: पिल्लं इतर जागांपेक्षा तिथे जास्त आढळावीत, ती तिथे दीर्घकाळ राहावीत किंवा पुन्हा परतावीत, आणि असा वापर वर्षानुवर्षं व्हावा. ही यंत्रणा दुसऱ्या निकषाचं उत्तर उत्तम देते, तिसऱ्याचं चांगलं देते आणि पहिल्याचं अजिबात देत नाही. त्यासाठी जाळ्यांचे किंवा गळांचे प्रमाणित नमुनेच घ्यावे लागतात. खाडीत एकूण शार्क किती, हा प्रश्न घेऊन कुणी ही जोडी विकत घेत असेल तर त्याने ती घेऊ नये.

रिसीव्हर कमी असतील तर ते खाडीभर विखरू नका. आधी मुख बंद करा, आणि एका रांगेने नाही, दोन रांगांनी. २००१ च्या सप्टेंबरात गॅब्रिएल हे उष्णकटिबंधीय वादळ फ्लोरिडावर आलं तेव्हा टेरा सियातली ब्लॅकटिपची पिल्लं हवेचा दाब घसरू लागताच, वादळ धडकण्याआधी उपसागर सोडून गेली आणि नंतर परतली. वादळी वाऱ्यात लाटांचा गोंगाट रिसीव्हर बुडवून टाकतो, म्हणून एकट्या रांगेवर नोंदी थांबल्या तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आतली रांग आणि मग बाहेरची रांग या क्रमाने शार्क उमटला तर दिशा कळते. एका रांगेतल्या रिसीव्हरांमधलं अंतर पहारेकरी टॅगने दाखवलेल्या सगळ्यांत वाईट दिवसाच्या टप्प्याच्या दुपटीहून कमी ठेवा. दोन रांगांमधलं अंतर मात्र सगळ्यांत चांगल्या दिवसाच्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त हवं, नाहीतर शांत पाण्यात एकच हाक दोन्ही रांगा ऐकतात आणि शार्क आत चालला होता की बाहेर, ते ठरत नाही.